सगळेच स्क्रू स्टेनलेसचे नकोत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या छंदविषयक पानावर रिमोटवर चालणाऱ्या गाड्यांच्या निगेबद्दल जो लेख आला, त्यात जाता जाता एक सल्ला दिला आहे : गाडी पाण्याचिखलात चालवणार असाल तर सगळे काळे स्क्रू काढा आणि स्टेनलेसचा पूर्ण संच बसवा, म्हणजे गंजाची कटकट मिटेल. गंजाची मिटेल, हे खरे. पण तिच्या जागी दुसऱ्या दोन-तीन येतील, आणि त्यातली एक नेमकी मोटरच्या पिनियनवर, म्हणजे तिच्या दांड्यावरच्या छोट्या दातेरी चक्क्यावर येईल, जिथे स्क्रू अडकला की अख्खी मोटरच गाडीतून निघत नाही. ‘सगळे’ या एका शब्दाबद्दल हे पत्र आहे.

गडबड होते ती ‘गंजत नाही’ आणि ‘मजबूत आहे’ या दोन गोष्टी एक धरल्यामुळे. बाजारात सहज मिळणारा स्टेनलेस स्क्रू बहुतेक वेळा ए२-७० या वर्गाचा असतो. साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेले हे पोलाद. क्रोमियममुळे त्याच्या अंगावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर बसतो आणि तोच त्याला गंजापासून वाचवतो. मात्र हे पोलाद तापवून आणि विझवून कडक करता येत नाही. थंड अवस्थेत दाबताना, ओढताना जेवढे कडक होईल तेवढेच. काळा ॲलन स्क्रू, म्हणजे डोक्यात षटकोनी खाच असलेला, मिश्र पोलादाचा असतो, तापवून तेलात विझवलेला आणि पुन्हा मंद आचेवर पाणी उतरवलेला. त्याच्यावर १२.९ किंवा १०.९ असा वर्ग सांगितलेला असतो.

या आकड्यांचा अर्थ सोपा आहे. १२.९ मधल्या १२ ला शंभराने गुणा : दर चौरस मिलिमीटरला सुमारे १२०० न्यूटन ताण आला की स्क्रू तुटतो. पुढचे .९ म्हणजे त्याच्या ९० टक्के ताणापर्यंत तो कायमचा लांबत नाही. ए२-७० मधले ७० म्हणजे ७०० न्यूटन. पण हा स्क्रू कायमचा ताणला जायला लागतो तो ४५० न्यूटनलाच. दहाव्या मापाच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक दशांश आकाराच्या गाडीत बहुतेक स्क्रू एम३, म्हणजे ३ मिमी जाडीचे असतात. एम३ च्या आट्यांचे ताण घेणारे क्षेत्रफळ ५.०३ चौरस मिलिमीटर धरतात. म्हणजे १२.९ वर्गाचा एम३ साधारण ५५०० न्यूटनपर्यंत, ५६० किलोचा भार टांगल्यासारखा, आपले माप सोडत नाही. स्टेनलेसचा एम३ २२६० न्यूटनला, २३० किलोच्या आसपास, लांबायला लागतो. निम्म्याहूनही कमी. तुटण्याचा भार पाहिला तर अंतर थोडे कमी दिसते, सुमारे ६१०० विरुद्ध ३५००. पण गाडीत स्क्रू तुटण्याच्या कितीतरी आधी ढिला होतो किंवा वाकतो, म्हणून पाहायचा तो पहिला आकडा.

यावर एक ठरलेले उत्तर मिळते की स्टेनलेस लवचीक असतो, धडक बसली की वाकून ती झेलतो, आणि कडक स्क्रू काचेसारखा तुटतो. यात अर्धे खरे आहे. दोन्ही पोलादांचा लवचिकतेचा गुणांक जवळपास सारखाच असतो, स्टेनलेसचा किंचित कमी. त्यामुळे सारख्या भाराला दोघे जवळपास सारखेच लवतात. फरक एवढाच की स्टेनलेस लवकर हार मानतो आणि वाकलेलाच राहतो. ज्या धडकेत स्टेनलेस वाकतो त्या धडकेत १२.९ चा स्क्रू बहुतेक वेळा सरळच बाहेर येतो. तो तुटतो तो त्याच्या बराच पुढच्या धडकेत, आणि तेव्हा मात्र फारशी सूचना न देता. वाकलेला स्क्रू दिसायला निरुपद्रवी वाटतो. पण चाक धरणाऱ्या प्लॅस्टिकच्या आर्ममधून तो फिरवून काढताना भोक दोन्ही बाजूंनी खरवडत निघतो आणि आर्मच बदलावा लागतो. तुटलेला स्क्रू निदान तुटल्याचे लगेच कळते.

ताणापेक्षाही जास्त त्रास होतो तो डोक्यातल्या षटकोनी खाचेचा. एम३ च्या सिलिंडर डोक्याच्या ॲलन स्क्रूला २.५ मिमीची चावी लागते. त्याच एम३ च्या बटन हेडला (बुटके, गोलसर डोके) आणि काउंटरसंकला (पृष्ठभागात बुडणारे सपाट डोके) मात्र २ मिमीची. मिलिमीटरच्या अर्ध्या फरकाने काय होते, असे वाटेल. खाच सहन करू शकणारी पिळाची ताकद मापाच्या घनाने बदलते, म्हणजे २.५ ची खाच २ च्या खाचेच्या जवळपास दुप्पट पीळ घेते. शिवाय बटन हेडमध्ये खाच उथळ असते आणि काउंटरसंकमध्ये डोक्याखाली फारसा धातूच नसतो. आता या उथळ, लहान खाचेत मऊ स्टेनलेस आणा, गाडीच्या पोटाखाली बसवा, त्यात वाळू भरू द्या, आणि झिजलेली चावी अर्धीच बसवून पिळा. कोपरे गोल होणारच. १२.९ स्क्रूचा कडकपणा रॉकवेल सी मापावर ३९ ते ४४ असतो, चांगल्या चावीचा ५० च्या वर. कडक खाचेत चावीचा कोपरा आधार धरतो. मऊ खाचेत तो रुतत जातो.

त्यामुळे स्टेनलेस बसवायचाच असेल तर शक्य तिथे सिलिंडर डोक्याचा घ्या, बटन हेड नको. काउंटरसंकला पर्याय नसतो, तिथे खाच साफ ठेवणे एवढेच हातात असते. टोकदार दाभणाने किंवा जुन्या १.५ च्या चावीने माती खरवडून काढायची, फुंकर मारायची, चावी तळापर्यंत गेली हे बोटाला कळले की मगच पिळायचे. गोळ्याच्या टोकाची चावी तिरप्या जागेत स्क्रू पटापट फिरवायला ठीक आहे. शेवटचा पीळ देताना आणि पहिला पीळ सोडवताना सरळ टोकाचीच चावी हवी.

स्टेनलेसच्या बाजूने बोलायचे तर एक मोठी गोष्ट आहे, आणि ती त्याचे कैवारीही सहसा सांगत नाहीत. गाडीतले निम्म्याहून अधिक स्क्रू थेट प्लॅस्टिकमध्ये जातात. तिथे स्क्रू किती ताण घेतो हा प्रश्नच गैरलागू ठरतो, कारण स्क्रू ताणला जाण्याच्या कितीतरी आधी प्लॅस्टिकचे आटे सुटतात. बंपर, बॉडीचे खांब, रिसीव्हरची पेटी, बॅटरीचा पट्टा, चिखलरोधक, सर्व्होचे (स्टिअरिंग फिरवणाऱ्या छोट्या मोटरचे) कान : इथे स्टेनलेस खुशाल लावा, उलट तोच लावा. पाणी साचते ते याच ठिकाणी आणि काळे स्क्रू लाल होतात तेही इथेच. प्लॅस्टिकमध्ये लक्ष द्यायचे ते लांबीकडे. एम३ चे किमान ६ ते ८ मिमी आटे प्लॅस्टिकमध्ये धरलेले असावेत. ॲल्युमिनियममध्ये साधारण ४.५ मिमी पुरतात, पोलादात ३.

प्लॅस्टिकमध्ये स्क्रू पुन्हा बसवताना तो आधी उलटा फिरवा. अर्धा-एक फेरा उलटा गेल्यावर ‘टक्’ असा बारीक धक्का बोटाला जाणवतो. स्क्रूचा आटा जुन्या आट्याच्या तोंडाशी येऊन खाली पडल्याचा तो धक्का. तिथून सरळ फिरवायला सुरुवात करायची. थेट सरळ फिरवला तर स्क्रू जुन्या आट्यांशेजारी नवे आटे कापतो. असे चार-पाच वेळा झाले की भोकात धरण्यासारखे काही उरत नाही, आणि मग दोष स्क्रूला दिला जातो. बॅटरीवर चालणारा स्क्रू ड्रायव्हर इथे शत्रूच समजा. वेगाने फिरणारा स्क्रू घर्षणाने तापतो आणि नायलॉन मऊ करतो. वापरायचाच तर क्लच सगळ्यात खालच्या आकड्यावर ठेवा आणि शेवटचा अर्धा फेरा हाताने द्या.

टामिया या जपानी कंपनीच्या अनेक गाड्यांत प्लॅस्टिकसाठी ३ मिमीचे टॅपिंग स्क्रू येतात, रुंद आट्याचे. एम३ चा आटा ०.५ मिमी अंतराचा, बारीक. टॅपिंग स्क्रूच्या भोकात एम३ घुसवला तर तो जातो, पण रुंद आटे कापून टाकतो. तिथे टॅपिंगच घ्यावा, स्टेनलेस हवा असेल तरी टॅपिंगचाच. त्याच गाड्यांतल्या मूळ अधिक चिन्हाच्या खाचा जपानी मापाच्या असतात, साध्या फिलिप्स ड्रायव्हरने त्या झिजतात. अशा खाचेसाठी जेआयएस टोकाचा ड्रायव्हर वेगळा मिळतो. अनेकदा स्क्रू बदलायची गरजच नसते, ड्रायव्हर बदलायची असते.

आता पिनियन. दात असलेला हा छोटा चक्का मोटरच्या दांड्यावर एका ग्रब स्क्रूने धरलेला असतो. डोके नसलेला, चार-पाच मिमी लांबीचा एम३, खाच फक्त १.५ मिमीची. ५४० मापाच्या मोटरचा दांडा ३.१७ मिमी जाडीचा आणि त्याच्या एका बाजूला सपाट पट्टी घासलेली असते. ग्रब स्क्रूच्या टोकाला बारीक वाटीसारखा खळगा असतो, त्याची कड दांड्याच्या सपाटीत रुतते आणि मोटरचा सगळा पीळ त्या कडेवर पेलला जातो. कडक पोलादाचा ग्रब स्क्रू ४५एच वर्गाचा, म्हणजे कडकपणाच्या विकर्स मापावर किमान ४५०. स्टेनलेसचा २१एच, २१० विकर्स. दांडा स्वतः कडक पोलादाचा असतो. त्याच्यावर मऊ वाटी दाबली की दांड्यात रुतण्याऐवजी वाटीचीच कड चेपते. पिनियन किंचित सरकते, ॲक्सिलरेटर दाबला की ‘कट्’ आवाज येतो, मालक अजून घट्ट करायला जातो आणि १.५ ची खाच गोल होते. अनेक गाड्यांत मोटर माउंटच्या भोकातून पिनियन बाहेर येत नाही. ग्रब निघाला नाही की पिनियन निघत नाही, पिनियन निघाले नाही की मोटर निघत नाही. पिनियनला, चाकाच्या हेक्सला, डिफच्या (डिफरन्शियलच्या) आणि मधल्या शाफ्टच्या कपांना, कुठल्याच ग्रब स्क्रूच्या जागी स्टेनलेस लावू नये. याला अपवाद मला माहीत नाही.

तो बसवायची रीत अशी. भोक आणि ग्रब दोन्ही आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तेल काढा. ग्रबचे तोंड दांड्याच्या सपाटीवर बरोबर मधोमध आणा. ते जमले का हे पाहायला ग्रब हलका टेकवा आणि पिनियन डावी-उजवीकडे हलवा, सपाटीच्या दोन्ही कडांना सारखे अंतर लागले पाहिजे. मग ग्रब काढून आट्यावर निळ्या, मध्यम ताकदीच्या थ्रेडलॉकचा, म्हणजे आटे धरून ठेवणाऱ्या द्रवाचा, एकच थेंब लावा आणि चावीच्या आखूड बाजूने नव्हे, तर मुठीच्या ड्रायव्हरने घट्ट करा. १.५ ची चावी दर काही महिन्यांनी बदला किंवा तिचे टोक दगडावर घासून अर्धा मिलिमीटर आखूड करा, म्हणजे नवे कोपरे मिळतात. लाल थ्रेडलॉक इथे नको. तो सोडवायला अडीचशे अंश सेल्सियसच्या आसपास तापवावे लागते, आणि तेवढ्या उष्णतेत मोटरच्या आतले काही ना काही बिघडते.

कडक स्क्रू जिथे सोडूच नये अशा आणखी काही जागा : मोटर माउंट, डिफच्या मोठ्या चक्क्याचे स्क्रू, शॉक टॉवरचा (शॉकची वरची टोके धरणाऱ्या पट्टीचा) पाया, आर्मच्या बिजागरीच्या पिना धरणाऱ्या प्लेटी, स्टिअरिंगच्या ब्लॉकचे पिन स्क्रू, इंजिनाच्या गाडीत इंजिनाचे चारही बोल्ट. इथे दोन धातू एकमेकांवर दाबून धरायचे असतात आणि तो दाब स्क्रूच्या ताणातूनच येतो. १२.९ चा एम३ धातूत साधारण २ न्यूटन-मीटरपर्यंत पिळता येतो, ए२-७० चा १ न्यूटन-मीटरच्या आसपास. पीळ निम्मा म्हणजे दाब निम्मा, आणि दाब निम्मा म्हणजे कंपनाने ढिला होण्याची शक्यता तेवढीच जास्त. स्टेनलेस माउंटवर ‘सारखा ढिला होतो’ ही जी तक्रार ऐकू येते, तिचे कारण हे. स्टिअरिंगच्या ब्लॉकमध्ये ज्यांचा काही भाग गुळगुळीत आणि काही भागच आट्यांचा असतो असे स्क्रू येतात. त्यांच्या जागी पूर्ण आट्यांचा स्क्रू घातला तर आटे करवतीसारखे भोक खातात, मग तो कुठल्याही धातूचा असो.

मोटर माउंटच्या स्क्रूबाबत आणखी एक. मूळ स्क्रूपेक्षा लांब स्क्रू लावू नका. ५४० मोटरच्या तोंडावर २५ मिमी अंतरावर एम३ ची भोके असतात, आणि त्यांच्या पलीकडे फारशी जागा नसते. स्टेनलेसच्या तयार संचात नेमकी लांबी नसते म्हणून दोन मिमी जास्तीचा लावला की तो आतल्या गुंडाळीला टेकतो. माउंटच्या जाडीत तीन-चार मिमी मिळवा, तेवढीच लांबी.

स्टेनलेसचा एक खास दोष असा की तो स्वतःच्याच जातीला चिकटतो. स्टेनलेस बोल्टवर स्टेनलेसचा नायलॉन लॉक नट पटापट फिरवला की मध्येच तो जाम होतो, आणि मग पुढेही जात नाही, मागेही येत नाही. आटे एकमेकांवर घासताना वरचा ऑक्साइडचा थर खरवडला जातो, उघड्या धातूला उघडा धातू लागतो आणि दाबाखाली दोघांची अक्षरशः जोड होते. नायलॉनच्या कड्याचा विरोध त्यात भर घालतो, वेगाने आलेली उष्णता आणखी. अशा वेळी जोर लावला तर बोल्ट पिळून तुटतो, यात स्क्रूचा कमकुवतपणा नसतो. उपाय दोन. आट्यांना चिमूटभर अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारा लेप) किंवा ग्रीस लावून नट हाताने, सावकाश चढवायचा. किंवा स्टेनलेस बोल्टवर झिंक चढवलेला साध्या पोलादाचा नट घ्यायचा, दोन वेगळ्या जातीचे धातू असे चिकटत नाहीत. शॉकच्या वरच्या टोकाला, सस्पेन्शनच्या दुव्यांना ही काळजी घ्या.

ॲल्युमिनियमच्या भागांत स्टेनलेस बसवणार असाल तर कोरड्या गाडीत काही होत नाही. पाणी, विशेषतः खारे पाणी आले की दोन धातूंत विजेचा बारीक प्रवाह वाहतो आणि ॲल्युमिनियम झिजते. पांढरी भुकटी दिसते ती त्याचीच. स्क्रू लहान आणि ॲल्युमिनियमचा भाग मोठा असल्याने झीज हळू होते, भाग मोडत नाही, पण ती भुकटी आट्यांत फुगते आणि स्क्रू भोकात रुततो. आट्यांना ग्रीस किंवा थ्रेडलॉक, दोहोंपैकी एक लावा. दोन्ही पाणी आत जाऊ देत नाहीत. कार्बन फायबरच्या पट्ट्यांत मात्र ॲल्युमिनियमचे रंगीत स्क्रू आणि पाणी हे एकत्र टाळाच, तिथे झिजतो तो स्क्रू.

थ्रेडलॉकचाही स्टेनलेसशी फारसा स्नेह नाही. हवा बंद झाल्यावर तो घट्ट होतो, पण त्यासाठी धातूचीही मदत लागते, आणि स्टेनलेस ती मदत कमी करतो. काळ्या पोलादात काही तासांत बसणारा थेंब स्टेनलेसमध्ये तितका वेगाने बसत नाही, म्हणून पूर्ण २४ तास द्या. पॉलिकार्बोनेटच्या बॉडीला किंवा एबीएसच्या भागाला तो लागू देऊ नका, त्या प्लॅस्टिकला त्याने तडे जातात.

आता काळ्या स्क्रूंच्या गंजाचे. काळा रंग म्हणजे गंजरोधक थर, असे समजू नका. तो पोलादाच्या पृष्ठभागाचाच बदललेला भाग असतो आणि त्याचे काम तेल धरून ठेवणे एवढेच. तेल गेले की संरक्षण गेले. ओल्या गाडीवर हवेचा झोत मारा, उन्हात किंवा पंख्याखाली पूर्ण वाळवा, मग बारीक ब्रश हलक्या तेलात बुडवून प्रत्येक डोक्याच्या खाचेत टेकवा. ब्रेकच्या चकतीला आणि स्लिपर क्लचच्या पॅडला तेल लागू नये. दहाव्या मापाच्या गाडीत शंभरेक स्क्रू असतील, पण बाहेर दिसणारे निम्मेच, दहा मिनिटांचे काम आहे. वरवरच्या गंजाने स्क्रू तुटत नाही. गंज खाचेत बसतो, चावी तळापर्यंत जात नाही आणि खाच मरते. खाच वाचवली की स्क्रू वाचला.

गंजलेले १२.९ स्क्रू व्हिनेगरमध्ये भिजत घालण्याचा घरगुती उपाय मात्र करू नका. गंज जातो, यात शंका नाही. पण आम्लाची पोलादाशी प्रक्रिया होऊन हायड्रोजन सुटतो, त्यातला काही कडक पोलादाच्या आत शिरतो आणि त्याला ठिसूळ करतो. असा स्क्रू नीट घट्ट होतो, गाडीत बसतो, आणि काही तासांनी किंवा दिवसांनी, धडक नसताना, डोके सोडून देतो. पोलाद जितके कडक तितका हा धोका मोठा. साधारण याच कारणासाठी चकचकीत झिंक चढवलेले १२.९ स्क्रू अनोळखी ठिकाणाहून घेऊ नयेत. झिंक चढवताना आम्लाचा संबंध येतो, आणि नंतर भट्टीत तापवून हायड्रोजन बाहेर काढला आहे की नाही, हे बाहेरून कळत नाही. गंजलेल्या स्क्रूला पितळी ब्रश आणि तेल, किंवा सरळ नवा स्क्रू. स्टेनलेसला ही भीती नाही.

पूर्ण गाडी समुद्राच्या वाळूत चालवायची असेल तर गोष्ट वेगळी. तिथे स्टेनलेसची बाजू खरोखर भक्कम आहे, आणि ए२ ऐवजी ए४ घ्यावा. ए४ मध्ये मॉलिब्डेनम असते, मिठाच्या पाण्यात ए२ वर तपकिरी डाग आणि बारीक खड्डे येतात तसे त्यावर कमी येतात. ए४-८० वर्ग मिळाला तर ताकदही थोडी वाढते, ६०० न्यूटनपर्यंत तो ताणला जात नाही. तरीही ग्रब स्क्रू आणि डिफचे स्क्रू काळेच ठेवा, आणि प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने धुऊन तेल लावा.

वजन वाचवण्यासाठी स्टेनलेस घेणाऱ्यांना एवढेच सांगतो की दोन्ही पोलादांची घनता जवळपास सारखी, ७.८५ ते ८ च्या दरम्यान. एम३ गुणिले १० चा सिलिंडर डोक्याचा स्क्रू दोन्ही प्रकारांत एक ग्रॅमच्या थोडा आतच भरतो. वजन कमी करायचे असेल तर टायटॅनियम, साधारण ४.४ घनतेचे. चकचकीत डोकी फोटोत छान दिसतात, एवढे मात्र मान्य.

खाच गोल झालीच तर. २ मिमीच्या खाचेत टी-८ टॉर्क्सची (ताऱ्याच्या आकाराची) बिट, नाहीच जमले तर टी-९, हलक्या हातोडीने ठोकून बसवा आणि सावकाश फिरवा. त्याआधी सोल्डरिंग आयर्न डोक्यावर अर्धा मिनिट टेकवली तर आतला निळा थ्रेडलॉक मऊ पडतो. स्क्रू प्लॅस्टिकमध्ये असेल तर दहा सेकंद पुरे, नाहीतर प्लॅस्टिकच वितळेल. ड्रिल मारायची वेळ आली तर दोघांच्या तऱ्हा वेगळ्या. १२.९ ला साधे ड्रिल बोथट होते, कोबाल्टचे लागते. स्टेनलेस ड्रिलला सोपा वाटतो, पण ड्रिल नुसते घासत राहिले की तो तिथल्या तिथे कडक होत जातो. वेग कमी, दाब जास्त, तेलाचा थेंब, आणि थांबायचे नाही. डोके उडवले की बहुतेक वेळा दाब सुटतो आणि उरलेला दांडा पकडीने हाताने फिरतो.

ओळखायचे कसे? एम३ च्या डोक्यावर वर्गाचा शिक्का असतोच असे नाही, तो एम५ पासून सक्तीचा आहे. काळा म्हणजे कडक असेही नाही, काळा केलेला स्टेनलेसही मिळतो. चुंबक लावा. काळा पोलादी स्क्रू झटकन चिकटतो. ए२ चा स्टेनलेस चिकटत नाही किंवा अगदी हलकेच ओढला जातो, थंड दाबल्यामुळे त्यात थोडे चुंबकत्व येते. चुंबकाने मात्र फक्त जात कळते, कडकपणा नाही, कारण साधे मऊ पोलादही तितकेच झटकन चिकटते. कडकपणा पाहण्यासाठी नव्या पाकिटातला एक लांब स्क्रू, एम३ गुणिले २०, व्हाइसमध्ये अर्धा धरा, डोळ्यांना चष्मा लावा, स्क्रूच्या डोक्यावर कापड टाका आणि बाजूने हातोडी मारा. मऊ स्क्रू पहिल्या-दुसऱ्या घावात आडवा होतो. १२.९ हातोडी परत फेकतो, कुरकुरत थोडा वाकतो आणि मग मोडतो. पहिल्या घावात आडवा झाला तर ते पाकीट बॉडीच्या खांबांसाठी ठेवा, पिनियनच्या डबीत टाकू नका.

आपला,
एक वाचक